फिट आली म्हणजे अपस्मारच का? झटक्यांचे निदान आणि प्रकार कसे ठरतात

फिट, आकडी, फेफरे, मिरगी, झटका. मराठीत या त्रासाला अनेक नावे आहेत आणि प्रत्येक घरात त्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. कुणी शुद्ध हरपून हातपाय झाडण्याला फिट म्हणते, कुणी नुसती चक्कर येऊन पडण्याला, तर कुणी तापात बाळाचे डोळे फिरण्याला. त्यामुळे ‘फिट आली’ एवढ्या माहितीवर डॉक्टरांना निदान करता येत नाही. ती फिटच होती का, मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू झाली, ती कशामुळे आली आणि पुन्हा येण्याची शक्यता किती, हे चार प्रश्न एकामागून एक सोडवावे लागतात.

हे प्रश्न सोडवण्यात सर्वांत मोठा वाटा एमआरआयचा किंवा ईईजीचा नसतो. ज्यांनी तो झटका डोळ्यांनी पाहिला, त्यांनी केलेल्या वर्णनाचा असतो. रुग्णाला स्वतःला बहुतेक वेळा काही आठवत नाही आणि डॉक्टर त्या वेळी समोर नसतात. म्हणून हा लेख रुग्णांइतकाच त्यांच्या नातेवाइकांसाठी, शिक्षकांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी आहे.

झटका येतो तेव्हा मेंदूत काय होते?

मेंदूतील पेशी एकमेकींशी अतिशय सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. काही संदेश पेशींना उत्तेजित करतात, काही त्यांना आवरतात. हा तोल अचानक बिघडला आणि पेशींचा मोठा गट एकाच वेळी, एकाच लयीत, गरजेपेक्षा जास्त संदेश सोडू लागला की झटका येतो.

झटका कसा दिसेल हे तो गट मेंदूत कुठे आहे यावर अवलंबून असते. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागात गडबड झाली तर हात उडतो. दृष्टीच्या भागात झाली तर डोळ्यांपुढे रंगीत ठिपके किंवा चमक दिसते. आठवणी आणि भावनांशी जोडलेल्या भागात झाली तर अचानक भीती वाटते किंवा ‘हे सगळे आधी घडून गेले आहे’ असा भास होतो. दोन्ही अर्धगोलांत एकदम पसरली तर माणूस बेशुद्ध होऊन पडतो. म्हणजेच प्रत्येक फिटमध्ये तोंडाला फेस येत नाही आणि प्रत्येक फिटमध्ये माणूस पडत नाही.

एक फिट आणि अपस्मार यांत फरक काय?

फिट हे लक्षण आहे. अपस्मार हा आजार आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला मलेरियाच असेल असे नाही, तसेच फिट आलेल्या प्रत्येकाला अपस्मार असतो असे नाही.

काही झटके त्या वेळच्या एखाद्या ठोस कारणामुळे येतात:

- रक्तातील साखर खूप कमी होणे, विशेषतः इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेऊन जेवण चुकल्यास
- सोडियम किंवा कॅल्शियम खूप कमी होणे
- रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक बंद करणे. असे झटके साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत येतात
- मेंदूज्वर, डोक्याला ताजा मार, नुकताच झालेला पक्षाघात
- गरोदरपणात २० आठवड्यांनंतर किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब खूप वाढणे
- ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांमध्ये ताप

अशा झटक्यांत मूळ कारणावर उपचार केले जातात. ते कारण दूर झाले की बहुतेकांना फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत नाहीत.

आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१४ साली अपस्माराची व्यवहारात वापरता येईल अशी व्याख्या दिली. पुढील तीनपैकी एक गोष्ट असेल तर अपस्माराचे निदान होते:

१. वरच्यासारखे तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने किमान दोन झटके येणे.
२. असा एकच झटका आलेला असणे, पण तपासण्यांवरून पुढील १० वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा अधिक असणे. उदाहरणार्थ, जुन्या पक्षाघाताचा व्रण असलेल्या व्यक्तीला काही महिन्यांनी आलेला पहिला झटका.
३. वय, झटक्याचे स्वरूप आणि ईईजी यांवरून अपस्माराचा एखादा ठरावीक प्रकार ओळखू येणे.

याच व्याख्येत दिलासा देणारा एक भागही आहे. ठरावीक वयापुरताच असणारा अपस्मार ते वय ओलांडल्यावर, किंवा १० वर्षे एकही झटका नाही आणि त्यांतील शेवटची ५ वर्षे औषधही नाही, अशा व्यक्तीचा अपस्मार ‘संपला’ असे मानले जाते. ‘एकदा फिटचा रुग्ण म्हणजे जन्मभर फिटचा रुग्ण’ हे खरे नाही.

फिटसारखे दिसते, पण फिट नसते

पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. पुढील गोष्टींची फिटशी गल्लत सर्वाधिक होते.

*घेरी येणे.* प्रार्थनेला उन्हात उभी असलेली विद्यार्थिनी, उपवासाच्या दिवशी लोकलच्या गर्दीत उभा असलेला माणूस, रक्त काढताना घाबरलेला तरुण. आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, चेहरा पांढराफटक पडतो आणि माणूस सैल होऊन खाली घसरतो. काही सेकंद हातपाय उडूही शकतात; मेंदूला रक्तपुरवठा कमी पडल्याने तसे होते. आडवे केल्यावर अर्ध्या-एक मिनिटात तो शुद्धीवर येतो आणि ‘मी कुठे आहे’ हे त्याला लगेच कळते. फिटनंतर मात्र गोंधळलेपणा, झोप आणि डोकेदुखी बराच वेळ राहते.

*हृदयाची लय बिघडणे.* व्यायाम करताना, धावताना किंवा कोणतीही पूर्वसूचना न देता शुद्ध हरपली, घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असेल, तर हृदयाची तपासणी आधी. हा आजार फिट समजून गोळ्या चालू राहिल्या तर जिवावर बेतू शकते.

*मानसिक ताणातून येणारे झटके.* यांत ईईजीत अपस्माराची विद्युत गडबड दिसत नाही. डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, हालचाल कमीजास्त होत राहते, झटका बराच लांबतो. रुग्ण नाटक करत नसतो. त्रास खरा असतो आणि त्यावर समुपदेशन व मानसोपचार लागू पडतात; फिटच्या गोळ्या नाहीत. काही रुग्णांना हे झटके आणि अपस्मार असे दोन्हीही असतात, म्हणून निष्कर्ष घाईने काढू नये.

*लहान मुलांचे श्वास रोखणे.* रागाने किंवा पडल्यावर मूल रडते, श्वास अडकतो, निळे पडते आणि क्षणभर बेशुद्ध होते. यात रडणे आधी आणि निळे पडणे नंतर असा क्रम असतो. काही मुलांत रक्ताची कमतरता आढळते.

याशिवाय अर्धशिशी, झोपेत चालणे, झोप लागताना दचकणे आणि साखर कमी होणे यांचीही फिटशी गल्लत होते.

ज्याने पाहिले त्याने काय सांगावे?

डॉक्टरांकडे जाताना शक्य असेल तर झटका प्रत्यक्ष पाहिलेल्या व्यक्तीला सोबत न्या. ती व्यक्ती शाळेत किंवा कारखान्यात असेल तर फोनवर बोलणे करून द्या. पुढील गोष्टी आठवून कागदावर लिहून ठेवाव्यात:

- आधी: रुग्ण काय करत होता? झोपेत होता की जागा? रात्रीचे जागरण, उपवास, ताप, दारू, गोळी चुकणे यांपैकी काही होते का? पोटातून काहीतरी वर येते आहे, विचित्र वास येतो आहे, एका हाताला मुंग्या येत आहेत, असे तो म्हणाला का?
- सुरुवात: सर्वांत आधी काय झाले? मान आणि डोळे एका बाजूला वळले का, कोणत्या? एकच हात किंवा तोंडाची एकच बाजू आधी उडाली का?
- चालू असताना: डोळे उघडे होते की मिटलेले? अंग ताठ होते की सैल? हाक मारल्यावर प्रतिसाद होता का? ओठ चाटणे, चघळल्यासारखे करणे, कपड्यांशी चाळा करणे असे काही दिसले का? किती मिनिटे चालले?
- नंतर: ओळख पटायला किती वेळ लागला? बोलणे अडखळत होते का? एका बाजूचा हातपाय काही काळ कमजोर होता का? जीभ चावली होती का? कपड्यांत लघवी झाली होती का?

यातली प्रत्येक गोष्ट काहीतरी सांगते. जिभेच्या कडेला चावा असेल तर मोठ्या फिटची शक्यता वाढते. घेरी येऊन पडताना चावलीच तर बहुधा जिभेचे टोक चावले जाते. उजवा हात आधी उडाला असेल तर सुरुवात मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली असू शकते. लघवी होणे मात्र फिट आणि घेरी दोन्हींत घडते, तेवढ्यावरून काही ठरत नाही.

मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण फार उपयोगी पडते. रुग्णाला आधी सुरक्षित करा, दुसऱ्या कुणाला तरी चित्रीकरण करायला सांगा. चेहरा, दोन्ही हात आणि दोन्ही पाय दिसू द्या, रुग्णाचे नाव घेऊन हाक मारा आणि तो शुद्धीवर येईपर्यंत चित्रीकरण थांबवू नका. ते डॉक्टरांसाठी आहे; नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्यासाठी नाही.

झटक्यांचे प्रकार

जुन्या कागदपत्रांत ‘ग्रँड माल’, ‘पेटिट माल’, ‘कॉम्प्लेक्स पार्शियल’ असे शब्द आढळतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने वर्गीकरणाची नवी मांडणी केली आणि २०२५ मध्ये त्यात सुधारणा केल्या. मूळ सूत्र सोपे आहे. आधी झटका मेंदूत कुठून सुरू झाला ते पाहायचे, मग रुग्णाचे भान शाबूत होते का ते पाहायचे, आणि शेवटी बाहेरून काय दिसले ते नोंदवायचे.

फोकल झटके मेंदूच्या एका बाजूच्या ठरावीक भागातून सुरू होतात.

*भान असताना:* रुग्णाला सगळे कळते आणि आठवते. एक हात काही सेकंद उडणे, अर्ध्या अंगाला मुंग्या, चमक दिसणे, पोटातून भीतीची लाट वर येणे. कित्येक जण याला गॅस किंवा धडधड समजून वर्षानुवर्षे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेतात.

*भान हरपून:* रुग्ण एकटक बघत राहतो, हाकेला उत्तर देत नाही, ओठ चाटतो, बोटांनी कपडे चाळवतो, कधी उठून चालूही लागतो. साधारण एक-दोन मिनिटांनी भानावर येतो, पण गोंधळलेला असतो. पोळी तव्यावर करपते आहे आणि ती करणारी बाई शून्यात बघत उभी आहे, याला घरात ‘अंगात आले’ किंवा ‘बाहेरची बाधा’ म्हटले जाते आणि उपचार लांबतात.

*फोकल झटका पसरून मोठी फिट:* एका भागात सुरू होऊन दोन्ही बाजूंना पसरतो. पाहणाऱ्याला बहुधा शेवटचा मोठा भागच लक्षात राहतो, म्हणून सुरुवातीबद्दल डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात.

जनरलाइज्ड झटक्यांत मेंदूच्या दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच सामील असतात.

*टॉनिक-क्लोनिक:* कागदपत्रांत ‘जीटीसीएस’ असे लिहिलेले असते. अंग ताठ होते, कधी किंचाळी निघते, मग हातपाय लयीत उडतात. बहुतेक वेळा १ ते ३ मिनिटांत थांबते.

*अ‍ॅब्सेन्स:* मूल बोलता-लिहिताना मध्येच ५ ते २० सेकंद थांबते, नजर स्थिर होते, पापण्या फडफडतात आणि पुन्हा होते तिथून सुरू करते. दिवसातून कित्येकदा घडू शकते. अशी मुले वर्गात ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी खातात. दवाखान्यात मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावला तर हा झटका अनेकदा समोरच दिसतो.

*मायोक्लोनिक:* विजेचा धक्का बसावा तसा खांद्याचा किंवा हाताचा क्षणिक झटका. किशोरवयात सकाळी उठल्यावर हातातून चहाचा कप किंवा दात घासायचा ब्रश उडणे ही याची नेहमीची खूण. परीक्षेच्या जागरणानंतर अशा मुलामुलींना पहिली मोठी फिट येते तेव्हा आई सांगते, ‘याच्या हातून वस्तू पडतात हे तर दोन वर्षांपासून आहे.’

*एटॉनिक आणि टॉनिक:* अंगातली ताकद अचानक जाऊन किंवा अंग ताठ होऊन कोसळणे. यात डोक्याला आणि चेहऱ्याला इजा होण्याचा धोका मोठा असतो.

सुरुवात कुणी पाहिलेलीच नसेल तर तो झटका ‘सुरुवात अज्ञात’ या गटात ठेवतात. हे अपुरे निदान नाही, प्रामाणिक नोंद आहे. माहिती मिळेल तशी ती बदलते.

वर्गीकरणाने रुग्णाला काय फायदा?

हा नुसता नावांचा खेळ वाटू शकतो, पण गोळी यावरच ठरते. कार्बामाझेपिन हे फोकल झटक्यांसाठी चांगले औषध आहे. तेच औषध अ‍ॅब्सेन्स किंवा मायोक्लोनिक झटके असलेल्या मुलाला दिले तर झटके वाढू शकतात. फेनिटॉइनबाबतही तेच. ‘गोळ्या वेळेवर घेतो तरी सकाळचे झटके वाढलेत’ असे झाले तर डोस वाढवण्याआधी प्रकार पुन्हा तपासायला हवा.

व्हॅलप्रोएट अनेक जनरलाइज्ड झटक्यांवर प्रभावी आहे. पण गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून मुली आणि गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांमध्ये शक्यतो दुसरे औषध निवडतात. हे वाचून चालू गोळी अचानक बंद करू नका, त्याने गंभीर फिट येऊ शकते. गर्भधारणेचे नियोजन करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

वयाप्रमाणे लक्षात ठेवायच्या गोष्टी

*तीन महिने ते एक वर्ष:* बाळ झोपेतून उठल्यावर दोन्ही हात फैलावून, मान पुढे झुकवून झटकन आकसते आणि काही सेकंदांनी पुन्हा, असे दहा-वीस वेळा ओळीने होते. घरात याला पोटदुखी किंवा दचकणे समजतात. हे ‘इन्फंटाइल स्पाझम’ असू शकतात. इंग्लंडमधील डॉक्टर वेस्ट यांनी १८४१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आपल्याच बाळाच्या या त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून या आजाराला त्यांचे नाव आहे. यात उपचारांना होणारा उशीर बाळाच्या बौद्धिक वाढीला महाग पडतो. चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

*सहा महिने ते पाच वर्षे:* तापातली फिट. ती संपूर्ण शरीराची, १५ मिनिटांपेक्षा कमी आणि २४ तासांत एकदाच असेल तर बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. मान ताठ असणे, सतत गुंगी, वारंवार उलट्या किंवा टाळू फुगणे असे असेल तर मेंदूज्वराची शंका घेऊन लगेच रुग्णालयात न्यावे.

*साठीनंतर:* नव्याने सुरू होणाऱ्या झटक्यांचे सर्वांत नेहमीचे कारण पक्षाघात. झटकाही साधा दिसतो: काही मिनिटे असंबद्ध बोलणे, एकटक बघणे. ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

तपासण्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

*रक्त आणि ईसीजी:* साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या तात्कालिक कारण शोधण्यासाठी. हृदयाच्या लयीचा दोष सुटू नये म्हणून पहिल्या झटक्यानंतर ईसीजी प्रत्येकाचा काढावा. ही स्वस्त तपासणी तालुक्याच्या ठिकाणीही होते.

*ईईजी:* डोक्यावर तारा चिकटवून मेंदूचे विद्युत संदेश नोंदवतात. यात शॉक देत नाहीत, दुखत नाही. आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता जावे. सांगितले असेल तर रात्री जागरण करून जावे. नेहमीची गोळी स्वतःहून बंद करू नये. साधा ईईजी २० ते ३० मिनिटांचा असतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर अहवाल नॉर्मल येतो. अपस्मार असलेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा पहिला ईईजी नॉर्मल असतो. झोपेतला किंवा पुन्हा केलेला ईईजी अधिक माहिती देतो. उलट, कधीही फिट न आलेल्या काही निरोगी माणसांच्या ईईजीतही किरकोळ दोष दिसतात. म्हणून ‘ईईजी नॉर्मल, म्हणजे फिट नाही’ आणि ‘ईईजीत दोष, म्हणजे अपस्मार’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. निदान अवघड असेल तर रुग्णालयात ठेवून झटक्याचे चित्रीकरण आणि ईईजी एकाच वेळी करतात.

*सीटी आणि एमआरआय:* तातडीच्या वेळी रक्तस्राव किंवा मोठी गाठ पाहायला सीटी पुरतो. बारीक व्रण, जन्मजात रचनादोष, स्मृतीशी संबंधित भागाचे आकसणे हे एमआरआयवर अधिक स्पष्ट दिसते. मागणीपत्रावर ‘अपस्मारासाठी’ असे लिहिलेले असावे, कारण त्यासाठी चित्रे वेगळ्या पद्धतीने घेतात. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, काम नाही. त्यामुळे तो नॉर्मल असूनही अपस्मार असू शकतो.

कारण कोणते?

कारणांचे सहा गट मानतात: रचनेतील दोष, जनुकीय, संसर्गजन्य, चयापचयाचे, प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचे आणि अज्ञात. पुष्कळ रुग्ण शेवटच्या गटात असतात.

भारतात संसर्गजन्य कारणांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मेंदूतील क्षयाची गाठ हे एक. दुसरे म्हणजे पट्टकृमीची अळी मेंदूत जाऊन बसणे. ‘आम्ही तर शाकाहारी, आम्हाला डुकराच्या मांसातला जंत कसा?’ असे रुग्ण विचारतात. अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माती, पाणी, कच्च्या भाज्या आणि न धुतलेले हात यांतून कुणाच्याही पोटात जातात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात. कोशिंबीर स्वच्छ धुणे, हात साबणाने धुणे आणि शौचालयाचा वापर हा अपस्माराच्या प्रतिबंधाचाच भाग आहे. तसाच हेल्मेटचाही.

पहिल्या झटक्यानंतर लगेच गोळ्या लागतात का?

प्रत्येकाला नाही. तात्कालिक कारण नसलेल्या पहिल्या झटक्यानंतर दुसरा येण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक, साधारण २१ ते ४५ टक्के असतो. ईईजीत अपस्माराच्या खुणा, मेंदूत जुना व्रण किंवा झोपेत आलेली फिट असेल तर तो वाढतो. या गोष्टी आणि रुग्णाचे काम पाहून निर्णय घेतात. उंचीवर काम करणारा गवंडी आणि घरातून काम करणारा माणूस यांचा निर्णय वेगळा असू शकतो. पहिल्या झटक्यानंतर एकदा तरी न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार योग्य निदान व उपचार मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. योग्य निवडलेली दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही झटके थांबले नाहीत तर अपस्मार ‘औषधांना दाद न देणारा’ समजावा. अशा वेळी गोळ्यांची संख्या वाढवत बसण्यापेक्षा, निदान पुन्हा तपासून शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या केंद्राकडे जावे.

झटका चालू असताना काय करावे?

- घड्याळ पाहा. आसपासच्या टोकदार, गरम वस्तू दूर करा. चुलीपासून, पाण्यापासून, रस्त्यापासून बाजूला घ्या.
- डोक्याखाली मऊ काही ठेवा, चष्मा काढा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
- हातपाय उडणे थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.
- तोंडात चमचा, बोट, कापड घालू नका. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका.
- कांदा किंवा चप्पल हुंगवणे, हातात किल्ली देणे याचा उपयोग नाही. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते.

१०८ ला लगेच फोन करा: फिट ५ मिनिटांहून जास्त चालली, शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, आयुष्यातली पहिलीच आहे, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, रुग्ण गरोदर किंवा मधुमेही आहे, किंवा नंतर श्वास नीट चालत नाही. ज्यांना लांब फिट येण्याची सवय आहे त्यांनी नाकात मारायच्या मिडाझोलाम फवाऱ्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

लपवण्याची किंमत

लग्न ठरताना अपस्मार लपवला जातो, मग सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, त्या चुकतात आणि फिट येते. हे चक्र सामान्य दवाखान्यात वारंवार दिसते. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून अपस्माराचा अडसर काढून टाकण्यात आला आहे. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी बाळे होतात. मुलांनी शाळेत जावे, खेळावे. पोहताना मात्र सोबत कुणी तरी हवे. वाहन चालवण्याबाबत नियम कडक आहेत. परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्माराचा थेट प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर खरे द्यावे.

डॉक्टरांकडे जाताना एक पिशवी तयार ठेवा: झटक्यांची तारीख, वेळ आणि वर्णन लिहिलेली वही, मोबाइलमधील चित्रीकरण, चालू गोळ्यांची पाकिटे, जुने ईईजी आणि एमआरआयच्या फिल्म. दर भेटीत ही वही पुढे करा. बदललेला झटका, नवे लक्षण, चुकलेली गोळी हे तिच्यातूनच कळते आणि त्यावरून निदानही सुधारता येते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.